एमआरआय लवकर होईल, पण मशीन शिकले कोणाच्या शरीरावर?

एमआरआय हा शब्द आता वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनाही पाठ झाला आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिले की घरात दोनच विषय निघतात. बाहेर केला तर पैसे किती, आणि सरकारी दवाखान्यात केला तर तारीख कधीची? विदर्भात रुग्णांसोबत चकरा मारताना आम्ही हे दोन प्रश्न इतक्यांदा ऐकले आहेत की त्यांच्यामागचा तिसरा प्रश्न आमच्याही लक्षात उशिरा आला. एमआरआयला इतका वेळ का लागतो? सीटी स्कॅन काही सेकंदांत उरकतो. एमआरआयमध्ये शरीराच्या एका भागासाठी वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत हालचाल न करता पडून राहावे लागते. कोट्यवधींचे मशीन दिवसाला मोजकेच रुग्ण तपासू शकते, म्हणून दर चढा राहतो आणि रांग लांबते.

गेल्या काही वर्षांत हा वेळ कमी करण्यासाठी डीप लर्निंग, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक प्रकार, वापरला जाऊ लागला आहे. मोठ्या कंपन्यांच्या नव्या मशीनमध्ये ही सोय येऊ लागली आहे. जीईचे एअर रिकॉन डीएल, सीमेन्सचे डीप रिझॉल्व्ह, फिलिप्सचे स्मार्टस्पीड ही त्यांची नावे. आपल्याकडच्या स्कॅन सेंटरच्या जाहिरातीतही 'एआय एमआरआय' असे शब्द दिसतील. ही गोष्ट चांगली की वाईट, असा सरसकट निकाल देण्याआधी ती चालते कशी हे समजून घ्यायला हवे.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. आपल्या शरीरात पाणी आणि चरबी आहे, दोन्हींत हायड्रोजन आहे. मशीनचे चुंबक साधारण १.५ टेस्ला क्षमतेचे असते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. त्या चुंबकात हायड्रोजनच्या केंद्रकांना रेडिओलहरींचा धक्का दिला की ती डोलतात आणि परत जागेवर येताना अगदी क्षीण संकेत देतात. गुडघ्याभोवती किंवा डोक्याभोवती जे पिंजऱ्यासारखे साधन लावतात ती कॉइल हा संकेत पकडणारी अँटेना असते. (आत जो ठकठक आवाज येतो त्याने अनेक जण घाबरतात. मशीन बिघडलेले नसते. चुंबकत्वात झपाट्याने बदल करणाऱ्या कॉइल थरथरतात, त्याचा तो आवाज.)

एका धक्क्यात संपूर्ण चित्र मिळत नाही. माहिती एकेक ओळ करून गोळा होते आणि पुढचा धक्का देण्याआधी केंद्रके स्थिरावण्यासाठी थांबावे लागते. समजा एका चित्रासाठी २५६ ओळी हव्यात आणि प्रत्येकीमागे ३ सेकंद थांबायचे आहे. हिशेब ७६८ सेकंदांचा होतो, म्हणजे जवळपास १३ मिनिटे. ही झाली एकच मालिका, आणि एका तपासणीत अशा चार-सहा मालिका असतात. ३ जुलै १९७७ रोजी अमेरिकेत रेमंड डमाडियन यांच्या गटाने माणसाच्या छातीचा पहिला स्कॅन घेतला तेव्हा जवळजवळ पाच तास लागले होते.

तिथून इथपर्यंत वेळ उतरला तो टप्प्याटप्प्याने. १९८६ साली जर्मनीच्या युर्गेन हेनिग आणि सहकाऱ्यांनी एकाच धक्क्यात अनेक ओळी घेण्याची रीत मांडली. १९९९ पासून एकाऐवजी अनेक कॉइल वापरून, प्रत्येक कॉइलची जागा वेगळी आहे याचा फायदा घेत, निम्म्याच ओळी मोजण्याची सोय झाली. २००७ मध्ये मायकल लुस्टिग, डेव्हिड डोनोहो आणि जॉन पॉली यांनी ओळी ठरावीक अंतराने न सोडता विखुरलेल्या पद्धतीने सोडल्या तर गणिताने चित्र परत उभे करता येते, हे दाखवले. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. शरीर लवकर मोजता येत नसेल, तर कमी मोजा आणि उरलेले हिशेबाने भरा.

समाजशास्त्र शिकलेल्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल, कारण तो सर्वेक्षणाचाच प्रश्न आहे. गावात चारशे घरे आहेत, हातात वेळ शंभर घरांचा आहे. दर चौथ्या घरी गेलात आणि नेमके दर चौथे घर कोपऱ्यावरचे निघाले, तर तुमच्या अहवालात सगळे गाव दुकानदारांचे दिसेल. एमआरआयमध्ये ठरावीक अंतराने ओळी गाळल्या की असेच होते, चित्रावर चित्र चढते. घरे विखरून निवडली तर चूक एका बाजूला झुकत नाही, सगळीकडे थोडी थोडी पसरते आणि ती गाळता येते. २००७ च्या पद्धतीचा गाभा हा आहे. तिसरा मार्ग असा की हजार गावे फिरलेला माणूस पाठवायचा. तो शंभर घरे बघेल आणि उरलेल्या तीनशे घरांचे रकाने अनुभवाने भरेल. बऱ्याचदा बरोबरही भरेल. डीप लर्निंग म्हणजे हा तिसरा माणूस.

ही तुलना एका ठिकाणी तुटते. एमआरआयची एक ओळ म्हणजे शरीराची एक पट्टी नव्हे. प्रत्येक ओळीत संपूर्ण चित्राचा थोडा थोडा अंश असतो. मधल्या ओळींत ढोबळ उजेड-अंधार असतो, कडेच्या ओळींत बारकावे, कडा, बारीक रेषा असतात. मधल्या ओळी सहसा पूर्ण मोजतात आणि गाळल्या जातात त्या प्रामुख्याने कडेच्या. म्हणजे मशीन अनुभवाने जे भरते ते बहुतांशी बारकावे असतात. डॉक्टर शोधत असतात तेही बारकावेच.

मशीनला हा अनुभव द्यायचा कसा? आधी पूर्ण वेळ घेऊन काढलेले हजारो स्कॅन जमवतात. त्यातल्या चारपैकी तीन ओळी मुद्दाम लपवतात आणि संगणकाला म्हणतात, चित्र पूर्ण कर. त्याने केलेले चित्र मूळ चित्राशी ताडून बघायचे, चुकले तिथे आतली गणिते थोडी सरकवायची, पुन्हा तेच. हे लाखो वेळा झाल्यावर गुडघा साधारण कसा दिसतो, मेंदूच्या घड्या कशा वळतात, याची त्याला सवय होते.

या कामातला सर्वांत चर्चेत राहिलेला प्रकल्प म्हणजे फास्टएमआरआय. २०१८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाचा वैद्यकीय विभाग आणि फेसबुकचा संशोधन विभाग यांनी तो सुरू केला. त्यांनी गुडघ्याच्या सुमारे दीड हजार आणि मेंदूच्या सुमारे सात हजार स्कॅनचा कच्चा डेटा नावे काढून संशोधकांसाठी खुला केला, संगणकाचा कोडही खुला ठेवला. २०२० मध्ये त्यांनी १०८ रुग्णांच्या गुडघ्याची चित्रे दोन्ही पद्धतींनी तयार करून सहा रेडिओलॉजिस्टना दाखवली. निदानात फरक पडला नाही, उलट एआयची चित्रे अधिक स्वच्छ वाटली. तेव्हा ओळी मोजून नंतर लपवल्या होत्या. २०२३ च्या अभ्यासात १७० जणांचा स्कॅन खरोखरच कमी ओळी मोजून झाला, म्हणजे मशीनवरचा वेळ प्रत्यक्षात वाचला. निष्कर्ष पुन्हा तोच. गुडघ्यासाठी चौपट वेग विश्वासार्ह ठरला.

हे यश खरे आहे, आणि ते नाकारण्यात काही शहाणपण नाही. पण याच गटाने २०२० मध्ये मेंदूच्या चित्रांची स्पर्धा घेतली. त्यात परीक्षक रेडिओलॉजिस्टना वेगळेच काही आढळले. काही चित्रांत मुळात नसलेली, रक्तवाहिनीसारखी रेघ उमटली होती.  संशोधक याला मशीनचा भास म्हणतात. त्याच वर्षी वेगार्ड अंतून, अँडर्स हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक प्रणाली तपासून दाखवले की मोजणीत किंचित फरक पडला तरी काही प्रणालींचे चित्र भलतेच बदलते आणि लहानशी गाठ पुसलीही जाऊ शकते.

आता पुन्हा त्या सर्वेक्षकाकडे या. हजार गावे फिरलेला माणूस गावठाणाचे चित्र छान काढेल. नाल्यापलीकडची अकरा घरे त्याच्या सरासरीत बसत नाहीत. ती नकाशावरून गायब होतील आणि नकाशा मात्र नीटनेटका दिसेल. जुन्या पद्धतीत रुग्ण हलला, घाई झाली, तर चित्र धूसर यायचे आणि डॉक्टरांना कळायचे की इथे भरवसा नको. नव्या पद्धतीत चूकही सुबक दिसते. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

यावर उपाय नाहीत असे नाही. चांगल्या प्रणालींमध्ये एक बंधन घातलेले असते. न भेटलेल्या घरांबद्दल अंदाज कर, पण भेटलेल्या घरांनी दिलेली उत्तरे बदलायची नाहीत. संगणक चित्र सुधारतो, मग ते प्रत्यक्ष मोजलेल्या ओळींशी ताडतो, पुन्हा सुधारतो, पुन्हा ताडतो. जिथे ही ताडणी पक्की आहे आणि वेग बेताचा आहे तिथे भासाचा धोका बराच कमी होतो. म्हणून 'एआय आहे' एवढ्यावरून काही कळत नाही. किती पट वेग आणि कोणत्या अवयवासाठी, हे विचारावे लागते.

आणि शिकले कोणाच्या शरीरावर, हेही. हायड्रोजनच्या अणूला जात नाही, देश नाही. चुंबकात तो सगळ्यांचा सारखाच डोलतो. पण सवय ज्या चित्रांची झाली ती चित्रे कुठल्यातरी रुग्णालयातल्या, कुठल्यातरी वर्गातल्या माणसांची असतात. फास्टएमआरआयचा डेटा न्यूयॉर्कच्या एकाच रुग्णालय-समूहातला आहे. २०२३ मध्ये झालेल्या एका अभ्यासात मेंदूच्या चित्रांची गुणवत्ता वय आणि लिंग यांनुसार कमी-जास्त होते असे दिसले.

आपल्यासाठी हा प्रश्न हवेतला नाही, कारण आपल्या घरांत सिकलसेल आहे. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली, तेव्हापासून नागपूर आणि भोवतालच्या जिल्ह्यांत हा आजार माहीत आहे. आदिवासींबरोबर पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजातही त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. यात लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि त्यापुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. एमआरआयचा या आजाराशी संबंध निदान दोन ठिकाणी येतो.

पहिले ठिकाण खुब्याचे. मांडीच्या हाडाच्या गोल माथ्याचा रक्तपुरवठा तुटला की तिथले हाड मरू लागते. पंचविशीतला मुलगा लंगडू लागतो, घरचे म्हणतात वात असेल. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीला काहीच दिसत नाही. एमआरआयमध्ये ते लवकर दिसते, आणि सांधा ढासळण्याआधी काही करायचे असेल तर तोच काळ हाताशी असतो. त्यात सिकलसेलग्रस्त माणसाच्या हाडातली मज्जा निरोगी प्रौढासारखी दिसत नाही. रक्त तयार करण्याचा ताण सतत असल्याने लाल मज्जा जास्त उरते आणि चित्रातला उजेड-अंधार वेगळा येतो. ज्या मशीनने असे खुबे शिकताना पाहिलेच नाहीत, त्याने भरलेल्या बारकाव्यांवर किती विसंबायचे, हा प्रश्न रेडिओलॉजिस्टने विचारायचा आहे. तो विचारला जावा यासाठी त्याला चिठ्ठीवरून कळले पाहिजे की समोरचा रुग्ण सिकलसेलचा आहे. अनेकदा चिठ्ठीवर फक्त 'खुबा दुखतो' एवढेच असते.

दुसरे ठिकाण मेंदूचे. सिकलसेल असलेल्या काही मुलांच्या मेंदूत लहान लहान जागा रक्ताअभावी मरतात. हात-पाय लुळे पडत नाहीत, तोंड वाकडे होत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. मूल अभ्यासात मागे पडते, विसरते, आणि शाळेत त्याला ढ म्हणतात. या जागा फक्त एमआरआयमध्ये दिसतात. अमेरिकेतून सुरू झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अशा १९६ मुलांपैकी निम्म्यांना दर महिन्याला रक्त दिले गेले. त्या गटात पुन्हा मेंदूला इजा होण्याचे प्रमाण ६ टक्के राहिले, दुसऱ्या गटात १४ टक्के. त्या अभ्यासात अशी जागा धरण्याची किमान मर्यादा होती ३ मिलिमीटर. बाजरीच्या दाण्यापेक्षा फार मोठी नव्हे.

गंमत अशी की वेगवान एमआरआयची सर्वाधिक गरजही याच मुलांना आहे. पाच वर्षांचे मूल अर्धा तास हलल्याशिवाय पडून राहत नाही. त्याला भूल द्यावी लागते, आणि सिकलसेलमध्ये भूल देताना ऑक्सिजन कमी पडला तर पेशी आणखी विळ्यासारख्या होतात. स्कॅन पाच-सात मिनिटांत आटोपला तर अनेक मुलांची भूल टळेल. वेदनेचा झटका ओसरत असलेल्या माणसाला कडक फळीवर पाऊण तास सरळ झोपवणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायची गरज नाही. म्हणजे हे तंत्र आपल्याला नको आहे असे अजिबात नाही. ते आपल्या शरीरांवर तपासून झालेले हवे आहे.

आता रांगेकडे. स्कॅनचा वेळ निम्मा झाला म्हणून रांग निम्मी होत नाही. रुग्णाच्या अंगावरचे धातू काढणे, कपडे बदलणे, शरीरात पेसमेकर किंवा जुनी पट्टी आहे का ते विचारणे, कॉइल बसवणे यात जाणारी मिनिटे एआय वाचवत नाही. स्कॅन झाल्यावर रिपोर्ट लिहायला रेडिओलॉजिस्ट लागतो. तो एकटाच असेल तर खोलीबाहेरची रांग त्याच्या टेबलावर जाऊन बसते. खासगी सेंटरमध्ये वाचलेल्या वेळेत जास्त रुग्ण होतात, पण दर उतरतोच असे नाही. दर उतरवण्याची सक्ती कोणी केलेली नसते. सरकारी दवाखान्यात हे सॉफ्टवेअर अनेकदा मशीनसोबत वेगळे विकत घ्यावे लागते आणि ते निविदेत लिहिलेले असावे लागते. मशीन खासगी भागीदारीत चालत असेल तर वाढलेली क्षमता योजनेतल्या रुग्णांना की पैसे भरणाऱ्यांना, हे करारात ठरते. तंत्रज्ञान वेळ वाचवते, तो कोणाला द्यायचा हे कागदावर ठरते. त्या कागदाकडे आपल्या संघटनांनी आजवर कमीच लक्ष दिले आहे, असे आमचे मत आहे.

एक वेगळी वाटही आहे. २०२४ मध्ये हाँगकाँगच्या एड वू यांच्या गटाने फक्त ०.०५ टेस्लाच्या चुंबकावर सगळ्या शरीराचा एमआरआय करून दाखवला. त्याला खास बंदिस्त खोली लागत नाही, घरातल्यासारख्या साध्या सॉकेटवर तो चालतो. इतका क्षीण संकेत चित्रात उतरवण्याचे काम डीप लर्निंग करते. तालुक्याच्या दवाखान्यासाठी हे स्वप्नवत आहे. आपल्याकडेही मुंबईतील 'समीर' ही सरकारी संशोधन संस्था आणि दिल्लीचे एम्स मिळून १.५ टेस्लाचे देशी मशीन उभे करत आहेत. देशात मशीन बनले तर त्याला शिकवायचे स्कॅनही इथलेच असावेत, असा आग्रह धरायची वेळ आत्ताच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यातील एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात पक्षपात टाळणे, सर्व घटकांचा समावेश आणि रुग्णाची संमती या गोष्टी स्पष्ट आहेत. त्याच वर्षी १ जुलैला शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ही दोन धोरणे एकमेकांना भेटलेली आम्हाला अजून दिसत नाहीत. अभियानात तपासलेल्या रुग्णांचे स्कॅन, त्यांना विचारून आणि नाव काढून, अशा कामासाठी उपलब्ध झाले तर विदर्भातले खुबे आणि मेंदू मशीनच्या सवयीत येतील.

आपल्या जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात विचारण्यासारखे बरेच आहे. मशीनवर हे सॉफ्टवेअर आहे का, ते घेतल्याआधी आणि नंतर दिवसाला किती स्कॅन झाले, बाह्यरुग्णाला सरासरी किती दिवसांनंतरची तारीख मिळते, रिपोर्ट किती दिवसांत मिळतो, योजनेतले रुग्ण किती. आकडे दोन-तीन वर्षांचे मागावेत, एका महिन्याच्या आकड्यांवरून काही ठरत नाही.

रुग्णासोबत जाणाऱ्यांसाठी एवढेच. सिकलसेलचे कार्ड सोबत ठेवा आणि चिठ्ठीवर आजार लिहिला आहे का ते आत जाण्याआधी पाहा. लिहिला नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या. तंत्रज्ञ दादा-ताईंनाही तोंडी सांगा. शंका येण्यासारखी जागा दिसली तर तीच मालिका नेहमीच्या संथ पद्धतीने पुन्हा घेता येते. त्याला काही मिनिटे जास्त लागतात. पण रुग्ण मशीनवर असतानाच ते व्हायला हवे. एकदा तो उठून बाहेर आला की पुन्हा नवी तारीख.